‘खावटी’ : पश्चिम खानदेशातील ऋण, भूमी व लोककल्याण यांचा एक शब्दमार्ग

‘खावटी’ हा शब्द मराठीत नवा नव्हे. ‘खा’ या धातूला ‘-वट’, ‘-वटी’ हा प्रत्यय लागून तो सिद्ध झाला आहे. ‘भोगवटा’, ‘सजावट’ इत्यादी शब्दांत त्याच कुळातील प्रत्यय आढळतो. अर्थ सरळ आहे : खाण्यापुरते धान्य अथवा खाण्यापुरता पैसा. नवऱ्याकडून पत्नीस मिळणाऱ्या पोटगीसही अनेक भागांत खावटीच म्हणतात आणि तिच्यासाठी ‘खावटीचा दावा’ लावतात. मात्र तापी व सातपुडा यांच्यामधील प्रदेशात, म्हणजे पूर्वीच्या पश्चिम खानदेशात व आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, या शब्दाने जे अर्थांतर भोगले आहे ते केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. सावकाराच्या वहीतून तो उसाच्या फडात गेला, तेथून शासनाच्या निर्णयात आला. या प्रवासाच्या अनुरोधाने या भागाच्या आर्थिक इतिहासाकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक व्यवसायाने भाषेचा अभ्यासक असल्यामुळे अर्थशास्त्रज्ञांच्या प्रांतात त्याचा प्रवेश शब्दांच्या दारानेच होणार, हे ओघाने आलेच.

आरंभ एका ग्रामनामापासून करणे सोयीचे होईल. नंदुरबार जिल्ह्यात धानोरा नावाचे गाव आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा नावाचा तालुका आहे. आणि खानदेश-वऱ्हाडापासून मराठवाड्यापर्यंत याच नावाची कितीतरी खेडी विखुरलेली आहेत. ‘धान्यपुर’ या रूपापासून ‘प’काराचा लोप होऊन ‘धानउर’ आणि त्यावरून ‘धानोर’, ‘धानोरा’ ही रूपे आली असावीत असे मानावयास ध्वनिशास्त्राची आडकाठी नाही. राजस्थानातील ‘नागोर’ हे ‘नागपुर’पासून याच वाटेने आले आहे. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना त्या जागी धान्य पिकताना दिसले होते, निदान पिकावे अशी त्यांची इच्छा होती. आता आकडे पाहा. २०१२ सालच्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात सर्व जिल्ह्यांच्या खाली नंदुरबार आहे, निर्देशांक ०.६०४, मुंबईचा ०.८४१. गडचिरोलीचे स्थानही तळाच्याच गटात. धान्याचे नाव धारण करणारी गावे ज्या दोन जिल्ह्यांत आहेत त्या जिल्ह्यांत पावसाळ्यात घरात धान्य नसते, ही गोष्ट केवळ शब्दचमत्कृती म्हणून सोडून देता येत नाही.

जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत हा २००७ सालच्या उत्पन्नाच्या आधारे अल्प उत्पन्नाच्या गटातून निम्न-मध्यम उत्पन्नाच्या गटात आला. राष्ट्राचे दरडोई उत्पन्न हे एक माध्य आहे, आणि माध्य या संकल्पनेचा स्वभावच असा की तिच्यात मुंबई आणि धडगाव या दोहोंचा समावेश होऊनही दोहोंपैकी कोणाचेच वर्णन होत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५; तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ६९ हून किंचित अधिक; साक्षरता शेकडा ६४, राज्याची ८२. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या गणनेत २०१५-१६ मध्ये या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक दरिद्री ठरले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर आले. ही घट लहान नाही, आणि ती नाकारण्याचे कारणही नाही. परंतु दारिद्र्य कसे हटते याआधी ते कसे घडले हे पाहणे इतिहासाचे काम होय.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तो प्रांत पेंढाऱ्यांच्या धाडी व दुष्काळ यांनी उजाड झालेला होता. डोंगरातील भिल्ल नायकांशी पुढील काही वर्षे चकमकी चालल्या. केवळ शस्त्रबळाने हा प्रश्न सुटत नाही हे ध्यानी आल्यावर १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी व भिल्ल पलटण यांची स्थापना झाली. पलटणीचे काम औट्रमकडे होते आणि मराठी वाचकांस ते नाव परिचित आहे. एजन्सीचे काम मात्र त्या मानाने विस्मृत झाले. तिने भिल्लांना जमिनी दिल्या, आणि बैल व बियाणे यांसाठी आगाऊ रकमा दिल्या. या आगाऊ रकमेचे नाव ‘तगाई’. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द राज्यकर्त्यांच्या दप्तरात आधीपासून होता. इंग्रजांनी तो तसाच उचलला.

तगाई आणि खावटी या दोन शब्दांतील अंतर येथेच नीट ध्यानात घ्यावयास हवे, कारण पुढील दीडशे वर्षांचा वृत्तान्त त्या अंतरात सामावला आहे. तगाई ही शेतासाठी, खावटी ही पोटासाठी. तगाई शासन देते, खावटी सावकार देतो. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा, १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, या सर्वांची दृष्टी एकच होती : कर्ज उत्पादक असावे. खाण्यासाठी घेतलेले कर्ज अनुत्पादक, म्हणून ते निषिद्ध नसले तरी अनादरणीय. ही भूमिका तर्कशुद्ध वाटते. परंतु जेथे एकच पीक हाती लागते आणि ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत घरात दाणा नसतो, तेथे नांगर धरणाऱ्याने आधी खाल्ले नाही तर बैल व बियाणे यांचा उपयोग काय, हा प्रश्न या कायद्यांच्या कर्त्यांना पडलेला दिसत नाही. तो सावकाराला पडला. त्याने खावटी दिली, आणि तारण म्हणून जमीन घेतली.

जमीन तारण ठेवता येऊ लागली याचे कारण रयतवारी पद्धतीने ती विकाऊ वस्तू बनवली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, खानदेशच्या काळ्या मातीतील कापसाला अपूर्व भाव आला व जमिनीचे मोल वाढले. पुढे सुरतेकडून येणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास नंदुरबारवरून अंमळनेरपर्यंत पोचला. मालाला बाजार मिळाला, आणि जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांची संख्याही वाढली. त्याच सुमारास, विक्रम संवत १९५६ मध्ये, ज्याला लोक ‘छप्पनिया’ म्हणतात तो दुष्काळ पडला. १९०१ च्या दुरुस्तीने मुंबई सरकारने हस्तांतरणावर निर्बंध असलेली ‘नवी शर्त’ आणली, हे खरे. पण तोवर बरेच पाणी तापीतून वाहून गेले होते.

जमीन गमावलेला भिल्ल त्याच जमिनीवर कामाला राहिला. त्याचे नाव झाले ‘सालदार’. गुढीपाडवा ते आखाजी या काळात साल ठरे. वर्षाची मजुरी, तिच्यातून आधी घेतलेली रक्कम वजा. या शब्दाच्या घडणीकडे अभ्यासकांचे लक्ष जावे. ‘दार’ हा फारसी प्रत्यय धारण करणाऱ्याचा वाचक आहे : जमीनदार जमीन धारण करतो, ठाणेदार ठाणे. मग सालदार काय धारण करतो? साल. वस्तुतः सालानेच त्याला धरून ठेवलेले असते. आणि ‘कर्जदार’ शब्दातही हाच उलटा व्यवहार दिसतो. ‘कूळ’ शब्दाची गोष्ट याहून विलक्षण. मूळ अर्थ वंश; पुढे जमीन कसणारा खंडकरी, आणि सावकाराच्या भाषेत त्याचा ऋणको. एकाच शब्दाने खंडकरी व ऋणको या दोघांचा निर्देश होत असल्यामुळे व्यवहारात कोण कोणत्या नात्याने जमीन कसतो हे संदिग्ध राहिले. या संदिग्धतेचा लाभ कोणास झाला हे १९४८ च्या कूळकायद्यानंतर स्पष्ट झाले. १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरावयाचे होते. पण त्यासाठी कूळ म्हणून दप्तरी नोंद हवी. सालदाराची तशी नोंद असण्याचे कारण नव्हते. दप्तर मराठीत, सावकाराचे चोपडे मोडीत किंवा गुजरातीत, आणि ज्याची जमीन त्याची बोली भिली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात या बोलींचे व खानदेशीचे नमुने छापले आहेत. ते छापणाऱ्या राज्यसंस्थेने त्यांपैकी एकाही बोलीत शेतकऱ्याला त्याचा उतारा वाचून दाखवला नाही.

या काळात भिल्ल समाज स्वस्थ बसला होता असे समजणे चुकीचे ठरेल. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत उसळलेल्या देवीच्या चळवळीची लाट खानदेशात आली आणि दारू सोडण्याच्या शपथा झाल्या. १९३८ च्या सुमारास तळोद्याकडील मोरवडच्या गुलाम महाराजांनी आरती, स्नान व मद्यत्याग यांचा पंथ चालवला. त्यांचे अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणत. ‘आप की जय’ हे त्यांचे अभिवादन. त्याच वर्षी महाराज निवर्तले आणि रामदास महाराजांनी कार्य पुढे नेले. ज्यांना जन्मभर एकेरी हाक ऐकावी लागली त्यांनी आदरार्थी सर्वनाम एकमेकांस देऊन टाकावे, यात भाषेच्या अभ्यासकाला फार मोठी गोष्ट दिसते. तिला मजुरीच्या दराइतके महत्त्व द्यावे की नाही याविषयी मतभेद संभवतो. आमच्या मते द्यावे. कारण दारूच्या गुत्त्यावरील उधारी हा जमीन जाण्याचा एक रुळलेला मार्ग होता, आणि ‘आप’ म्हणणाऱ्याने तो सोडला होता.

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण पतपुरवठ्याची जी अखिल भारतीय पाहणी झाली तिचा अहवाल गोरवाला समितीने १९५४ मध्ये सादर केला. धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून शेकडा सुमारे तीन आणि सावकारांकडून जवळजवळ सत्तर, हे तिचे निष्कर्ष अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहेत. त्यानंतर महाराष्ट्रात सहकार फोफावला. शहाद्याच्या बाजूस तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, कापूस आला, पाणी आले, पुढे साखर कारखाना झाला. या समृद्धीमागे तेथील गुजर शेतकऱ्यांचे कष्ट व कौशल्य होते, हे निर्विवाद. तिच्या कुंपणाबाहेर कोण राहिले हेही तितकेच निर्विवाद. उभ्या पिकांच्या राखणीसाठी पीक संरक्षण संस्था निघाल्या आणि तिच्या रखवालदारांचा धाक भिल्ल वस्त्यांना बसू लागला. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

या घटनेने शहादे तालुका महाराष्ट्राच्या नकाशावर आला. भिल्ल समाजातूनच पुढे आलेले अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सर्वोदयी सहकारी यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भू-मुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. संघटनेने गहाण पडलेल्या व बळकावलेल्या जमिनींची यादी करवली, सालदारांच्या वेतनासाठी संप केले, रोजगार हमीच्या कामांची मागणी लावून धरली. स्त्रियांनी दारूची मडकी फोडत गावोगाव मोर्चे नेले. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली वारले. याच चळवळीत वाढलेले वाहरू सोनवणे पुढे भिली व मराठीत कविता लिहू लागले; त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. चळवळीच्या इतिहासकारांनी तिच्या राजकीय बाजूचा विचार पुष्कळ केला आहे. आम्हांस विशेष वाटते ते असे की जमिनीची यादी करणे ही मूलतः लेखनाची क्रिया होती, आणि ती प्रथमच ज्यांची जमीन गेली त्यांच्या बाजूने झाली.

कायदा मागोमाग आला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील कलम ३६ ला १९७४ मध्ये ३६-अ ची जोड मिळून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक निर्बंध आले. त्यापाठोपाठ अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा अधिनियम १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या दरम्यान झालेली हस्तांतरणे त्याच्या कक्षेत येतात. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. त्याचे मोल मोठे आहे. तरी दोन तारखांमधील ही चौकट नीट पाहिली म्हणजे उघड होते की छप्पनियाच्या दुष्काळात, किंवा त्यानंतरच्या पन्नास वर्षांत, मूठभर खावटीपायी गेलेली जमीन तिच्याबाहेर राहिली. शिवाय ‘हस्तांतरण’ सिद्ध होण्यास जमीन आधी आपल्या हाती होती असा कागद लागतो. तो ज्याच्याजवळ कधीच नव्हता त्याचे काहीच हस्तांतरित झाले नाही, असा शब्दार्थ निघतो.

सत्तरीच्या दशकाचे खरे वैशिष्ट्य मात्र दुसरे आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. याच दशकात शासनाने प्रथमच मान्य केले की खाणे ही देखील आर्थिक गरज आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा विस्तार झाला. १९७७ चा तिचा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. १९७६ मध्ये शिवरामन समितीने उपभोग-कर्जाचा विचार केला. त्याच वर्षी वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा झाला, आणि महाराष्ट्राने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याविषयीचा अधिनियम करून आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदीचा पाया घातला. १९७८ मध्ये आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात उपासमार होऊ नये म्हणून कर्ज देण्याची योजना निघाली. तिचे नाव ठेवले ‘खावटी कर्ज’.

नाव कोणी सुचवले हे महत्त्वाचे नाही. ते निवडले गेले, हे महत्त्वाचे. शासनाच्या परिभाषेत संस्कृतोद्भव शब्दांचा सुकाळ असताना, ‘समाजकल्याण’, ‘उपयोजना’, ‘एकात्मिक’ असे शब्द घडत असताना, सावकाराच्या ओसरीवरचा हा शब्द सरकारी कागदावर आला. दीर्घकाळ ‘अनुत्पादक’ म्हणून बाजूला सारलेल्या गरजेस अधिकृत नाव मिळाले. सर्वसमावेशक विकास हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ नव्हता, पण त्याचा आशय या एका शब्दात आजच्या पुष्कळ अहवालांहून अधिक होता, असे आम्हांस वाटते. ब्राझीलसारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशाने २००३ मध्ये ‘बोल्सा फामिलिया’ योजनेने गरीब कुटुंबांस, बहुधा घरातील स्त्रीच्या हाती, रोख रक्कम देण्यास आरंभ केला आणि जगाने तिची वाखाणणी केली. तेथे ती रक्कम आरंभापासून अनुदान होती. येथे शब्दाबरोबर सावकाराची एक सवयही आली : खावटी हे कर्जच राहिले.

दरम्यान या शब्दाची दुसरी शाखा गुजरातेत वाढत होती. बारडोली व सुरतेच्या परिसरातील सहकारी साखर कारखान्यांना ऊसतोडीसाठी माणसे लागत; ती खानदेशातून जात, आजही जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरीच्या दशकापासून या मजुरांचा अभ्यास केला. मुकादम पावसाळ्यात ‘उचल’ देतो; नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो; आणि हंगामात पंधरवड्याला जे धान्य व थोडे पैसे मिळतात त्यांचे नाव ‘खावटी’. हंगामाच्या शेवटी उचल आणि खावटी मजुरीतून वळती होतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने व्हावी, याविषयी भाष्य करण्याचे कारण नाही. पण एकाच कुटुंबाला जुलैत शासनाची खावटी आणि जानेवारीत मुकादमाची खावटी मिळत असे, दोन्ही फेडायची असत, आणि दोन्हींना एकच नाव होते, ही गोष्ट योजनेच्या मूल्यमापनात कोठे आलेली आमच्या पाहण्यात नाही.

पुढील दशकांचा आढावा थोडक्यात घेता येईल. १९८३ मध्ये आदिवासी विकासाचा स्वतंत्र विभाग झाला. ‘कल्याणा’ची जागा ‘विकासा’ने घेतली. १९९३-९४ पासून सुखटणकर समितीच्या शिफारशीनुसार राज्य योजनेचा शेकडा नऊ हिस्सा आदिवासी उपयोजनेसाठी राखला जाऊ लागला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सरदार सरोवराने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित केली. त्यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे. २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा यांनी हक्काची भाषा आणली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार-ओळखपत्रे शहादे तालुक्यातील टेंभली येथे दिली गेली. २०१८ मध्ये नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. दारिद्र्याच्या प्रमाणात जी घट वर नोंदवली ती या सर्वांचे मिळून फलित म्हणावयास हवी. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठ खुडणाऱ्या बायकांना मजुरी मिळते, स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ-गहू मिळतो, मुली आश्रमशाळेत जातात. मात्र ऊसतोडीची वाट बंद झालेली नाही.

खावटी कर्ज योजना मध्यंतरी बंद पडली होती. २०२० च्या टाळेबंदीत गुजरातेतून मजुरांचे तांडे परतले तेव्हा तिची आठवण झाली. त्या वेळचे आदिवासी विकास मंत्री के. सी. पाडवी हे अक्कलकुव्याचे आमदार, म्हणजे याच जिल्ह्याचे. ९ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने प्रत्येक पात्र कुटुंबास चार हजार रुपये देण्याचे ठरले. त्यांपैकी दोन हजार बँक खात्यात व दोन हजारांच्या जीवनावश्यक वस्तू. योजनेचे नाव ‘खावटी अनुदान’. १८२५ च्या तगाईपासून मोजले तर एकशे पंचाण्णव वर्षांनी, आणि खावटी कर्जापासून बेचाळीस वर्षांनी, या शब्दामागील ‘कर्ज’ गळून पडले व तेथे ‘अनुदान’ आले. निर्णय निघाला तेव्हा पावसाळा सरत आला होता. वस्तूंचे वाटप पुढे २०२१ मध्ये चालू राहिले. त्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम उघडला होता आणि मुकादमांच्या गाड्या गावांतून कोयते घेऊन बारडोलीकडे निघाल्या होत्या.